पुण्यात ओटीची प्लेसमेंट आणि पहिली नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे ओटीच्या (आजार, अपघात किंवा अपंगत्व असलं तरी रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी), शेवटच्या वर्षाची किंवा इंटर्नशिपची मुलं प्लेसमेंटला, म्हणजे पेशंटबरोबर प्रत्यक्ष काम करून शिकायला, पुण्यात यायला लागली की प्रश्न साधारण तेच असतात, अर्ज कुठे करायचा, स्टायपेंड मिळतो का, राहायचं कुठे, आणि पुढे तिथेच जॉब लागेल का. प्रश्न बरोबरच आहेत, पण माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे तिथे मला शिकवणार कोण. जी सीनियर तुमच्या नोट्स बसून तपासते, चुकलं तिथे थांबवते आणि पेशंटसमोर "आता तू घे" म्हणून मागे सरकते, ती मोठ्या नावाच्या हॉस्पिटलपेक्षा जास्त देऊन जाते. आणि आपल्या फील्डमध्ये पहिल्या नोकऱ्या बऱ्याचदा जाहिरातीपेक्षा "अगं, आमच्याकडे एक चांगली इंटर्न होती" अशा फोनवरच लागतात. त्यामुळे प्लेसमेंट आणि रिक्रूटमेंट मी वेगळ्या धरत नाही, खाली पण एकाच ओघात लिहितेय.

थोडं मागचं सांगते कारण इंटरव्ह्यूत विचारतात आणि आपल्यालाही माहीत असावं. आपल्याकडचं पहिलं ओटी स्कूल १९५० साली मुंबईत केईएमला सुरू झालं, कमला निंबकर यांनी केलं, मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची. आपली ऑल इंडिया असोसिएशन १९५२ ची, आणि त्याच वर्षी वर्ल्ड फेडरेशन उभी राहिली त्यात भारत संस्थापक देशांमध्ये होता. या वर्ल्ड फेडरेशनचा नियम तुमच्या थेट कामाचा आहे: पदवी मिळेपर्यंत प्रत्यक्ष पेशंटबरोबरच्या शिक्षणाचे किमान १००० तास.

आधी स्वतःचे तास बघा

पुण्यात फोन फिरवायच्या आधी लॉगबुक उघडा आणि बघा की आतापर्यंत तुम्ही कुठे होतात. बहुतेकांचं दिसतं ते असं की लहान मुलांचं भरपूर, न्यूरोचं (मेंदू-मज्जासंस्थेचं) बऱ्यापैकी, हाताचं थोडं आणि मानसोपचाराचं नावापुरतं. जिथे कमी आहे तिथे जा. मला माहितीये की ऑटिझमची क्लिनिकं जास्त आहेत, तिथे प्रवेशही लवकर मिळतो आणि नोकऱ्याही तिथेच दिसतात, पण नोकरी लागल्यावर सेंटरवाले तुम्हाला दुसरं काही शिकायला पाठवणार नाहीत, ही संधी आत्ताचीच आहे. शिवाय उद्या परदेशात रजिस्ट्रेशन करायचं ठरलं तर तिकडे तास विषयवार मागतात, म्हणून लॉगबुकात विभाग, तास, वयोगट आणि सुपरवायझरची सही हे सगळं त्या त्या आठवड्यातच करून घ्या. सहा महिन्यांनी सही मागायला गेलं की मॅडम दुसरीकडे जॉइन झालेल्या असतात.

कागदपत्रं, आणि हेपटायटिस बी

हे पटकन सांगते. कॉलेजच्या एचओडींचं पत्र लागतं, त्यात तारखा, विषय आणि किती तास हे स्पष्ट हवं, "विद्यार्थ्यास सहकार्य करावे" एवढंच लिहिलेलं पत्र घेऊन आलात तर परत जावं लागेल. काही ठिकाणी कॉलेजशी करार असल्याशिवाय घेत नाहीत, ते आधीच विचारा. सरकारी ठिकाणी अधीक्षकांची परवानगी लागते आणि लष्कराच्या संस्थांमध्ये कागद वरपर्यंत जाऊन येतो, तिथे दोनतीन महिने आधीच अर्ज टाकलेला बरा.

आणि हेपटायटिस बी ची लस. तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने आणि मग सहाव्या महिन्यात. म्हणजे प्लेसमेंट जूनमध्ये असेल तर डिसेंबरमध्ये सुरुवात करायला हवी. आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

कुठे काय शिकायला मिळतं

पुण्यातल्या जागा मी नावांपेक्षा पेशंट कसा असतो त्यावरून ओळखा असं सांगेन.

मानसोपचारासाठी येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक, बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची. इथे येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात वाटतं की आपल्याला करण्यासारखं काही नाहीच, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) नाही, झोके नाहीत, थेरपी बॉल नाही. तसं नसतं हो. बरीच वर्षं आत राहिलेल्या माणसाला सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, स्वतःचे कपडे निवडणं, दहा रुपये देऊन चहा घेणं आणि सुटे पैसे मोजून परत घेणं हे सगळं पुन्हा जमवायचं असतं, आणि हे आपलंच काम आहे, दुसरं कुणी करत नाही. जाण्याआधी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचून जा, पेशंटचे हक्क काय आहेत ते तरी. व्यसनमुक्तीत रस असेल तर पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासूनचं, तिथे दिवसाचं वेळापत्रक हाच कसा उपचार होतो ते बघण्यासारखं आहे.

हाताच्या केसेस म्हटलं की पुण्यात भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण हा पट्टा आठवायचा. प्रेसमध्ये सापडलेली बोटं, कापलेले टेंडन, चिरडलेला पंजा. प्लॅस्टिक किंवा हँड सर्जरी असलेल्या हॉस्पिटलांत आणि कामगार विम्याच्या दवाखान्यांकडून असे पेशंट येतात. इथे स्प्लिंट हाताने करून बघा, नुसतं बघत उभं राहू नका. थर्मोप्लास्टिक (स्प्लिंटचं प्लास्टिक) साधारण ६५-७० अंशाच्या पाण्यात मऊ होतं, काढल्यावर आधी स्वतःच्या हातावर लावून किती गरम आहे ते बघायचं, संवेदना गेलेल्या हाताला भाजलेलं कळत नाही. घातल्यावर वीसतीस मिनिटांनी काढून लाल वळ उठलेत का ते बघितल्याशिवाय पेशंटला घरी सोडायचं नाही. आणि त्याला विचारा की मशीनवर तू नक्की काय करतोस. "ऑपरेटर आहे" एवढ्यावर थांबू नका, जॉब (मशीनवर लावायचा तुकडा) किती वजनाचा, कुठल्या हाताने उचलतोस, शिफ्टमध्ये किती वेळा, ग्लोव्हज असतात का. त्याला कामावर परत पाठवायचंय, नुसती ग्रिप वाढवून आपलं काम संपत नाही.

मणक्याच्या आणि हात-पाय गमावलेल्या पेशंटसाठी पुण्याइतका जुना अनुभव कमी शहरांत असेल. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी १९१७ साली निघालं, आणि खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. सगळ्यांना तिथे प्लेसमेंट मिळेल असं नाही, पण एका दिवसाच्या व्हिजिटची परवानगी मिळाली तरी घ्या. व्हीलचेअरवरचा माणूस रोजचा दिवस कसा काढतो हे बघितल्यावर पुस्तकातलं ट्रान्सफरचं (पलंग, खुर्ची असं एका जागेवरून दुसरीकडे हलवण्याचं) चॅप्टर वेगळंच वाचलं जातं.

लहान मुलांसाठी केईएम पुणे, मोठी खाजगी हॉस्पिटलं, विशेष शाळा आणि असंख्य क्लिनिकं. इथे माझा आग्रह एवढाच की एक तरी प्लेसमेंट शाळेत करा, गोखलेनगरच्या कामायनीसारख्या विशेष शाळेत किंवा साध्या शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये (जादा मदत लागणाऱ्या मुलांच्या खोलीत). क्लिनिकच्या खोलीत ४५ मिनिटं छान बसणारं मूल साठ मुलांच्या वर्गात काय करतं ते तिथेच कळतं. अजून एक, अक्षराच्या केसेस. आपण वापरतो त्यातल्या बहुतेक हँडरायटिंगच्या टेस्ट इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या आहेत. मराठी माध्यमाच्या पोराला वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर आणि शेवटी शिरोरेषा असं सगळं करायचं असतं, पेन्सिल कितीदा उचलावी लागते बघा. त्यामुळे इंग्रजी टेस्टचा स्कोअर लिहून गप्प बसू नका, त्याची मराठीची वही मागवा, पाच मिनिटं फळ्यावरचं उतरवायला सांगा आणि कुठे अडतो ते शब्दांत लिहा. सुपरवायझर खूश होतील आणि आईलाही कळेल.

पालक तुम्हाला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि परीक्षेच्या सवलतींबद्दल विचारणारच, तुम्ही स्टुडंट असलात तरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत एवढं माहीत हवं, प्रमाणपत्र ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी मिळतं, आणि पात्र मुलांना परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. कुणाला दिव्यांगत्वाचे किती टक्के मिळतील हे मात्र कधीही सांगायचं नाही, ते तुमचं काम नाही आणि घरचे त्या एका वाक्यावर आशा लावून बसतात.

पहिले पंधरा दिवस

राहायची सोय प्लेसमेंटच्या जागेजवळ किंवा मेट्रोच्या लाइनवर बघा. वनाज ते रामवाडी लाइन कोथरूडहून थेट येरवड्याला जाते, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट दुसरी, दोन्ही जिल्हा न्यायालय स्टेशनला मिळतात. पुण्यात दुचाकीशिवाय होत नाही म्हणतात, पण दिवसभर पेशंटचे ट्रान्सफर करून संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये गाडी काढणं सोपं नसतं.

पहिल्या दिवशी सुपरवायझरना बसून तीन गोष्टी विचारून घ्या: मी स्वतः पेशंट कधीपासून घ्यायचा, माझ्या नोट्स कोण आणि कधी बघणार, आणि मधल्या टप्प्यावर फीडबॅक कधी मिळेल. हे विचारल्याने कुणी रागावत नाही, उलट मुलगी सीरियस आहे हे कळतं. फीडबॅक शेवटच्या दिवशीच मिळाला तर सुधारायला वेळच राहत नाही, म्हणून अर्ध्यावर एकदा मागाच.

नोट्सबद्दल. "पेशंट कोऑपरेटिव्ह, ॲक्टिव्हिटी दिली, बरा प्रतिसाद" ही नोट वाचून उद्या दुसरी थेरपिस्ट काय करणार? काय दिलं, किती मदत लागली, किती वेळ टिकला, कुठे थांबला आणि उद्या काय बदलणार, एवढं लिहा. पाच ओळी पुरतात. फोटो आणि व्हिडिओ लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत, मुलांचे तर अजिबातच नाहीत, आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "इंटरेस्टिंग केस" म्हणून टाकायचे नाहीत, चेहरा झाकला तरी नाहीत.

पेशंटला काका, काकू, आजी म्हणा, पण आजींना लहान मुलाशी बोलल्यासारखं "छाऽऽन, शाब्बास" करू नका. बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं कळत असतं.

घर विचारल्याशिवाय गोल (उपचाराचं उद्दिष्ट) लिहू नका

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण चांगली थेरपिस्ट कोण होणार हे मला इथेच कळतं.

स्ट्रोक झालेल्या एखाद्या काकूंची केस मिळाली समजा. तुम्ही टोन (स्नायूंचा ताठरपणा) बघितला, बार्थेल (रोजची कामं स्वतः किती जमतात याचा १०० पैकी स्कोअर) काढला, ४५ आला, शॉर्ट टर्म गोल लिहिले. ठीक आहे. पण फिमसारखी अशीच दुसरी स्केल बघा, त्यात टब आणि शॉवरचं ट्रान्सफर विचारलंय, आणि या काकू तर बादली-तांब्याने, खाली पाटावर बसून अंघोळ करतात. संडास भारतीय आहे का कमोड? पेठेतल्या जुन्या वाड्यात राहतात का, जिथे जिना अरुंद आणि उंबरा वीतभर उंच, का सोसायटीत जिथे लिफ्ट आहे पण बाथरूमला दोन इंच खाली पायरी आहे? का डिस्चार्ज झाला की भोरला नाहीतर जुन्नरला गावीच जाणार आहेत? हे सगळं विचारलं नाही तर तुमचा गोल कागदावरच राहतो.

विचारायची एक सोपी पद्धत, "आजारी पडायच्या आधी सकाळी उठल्यापासून काय काय करायचात ते सांगा" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. घरचे मध्ये बोलतील, "आता तिला काही करायची गरजच नाही, सून आहे घरात." त्यांचं ऐकून घ्या आणि परत काकूंकडे वळा. बऱ्याचदा त्यांना हवं असतं ते फार छोटं असतं, खाली बसून देवपूजा, स्वतःच्या हाताने कालवलेला भात, नातवाचा डबा भरणं. मग तुमची ट्रीटमेंट आपोआप ठरते. देवपूजेला खाली बसणं आणि उठणं, नाहीच जमलं तर देव्हारा टेबलावर घ्यायला त्यांची तयारी आहे का ते विचारणं. जेवणाला ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, कडेला उंच ताटली. ब्लाउज घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात, हे त्यांना आणि घरच्यांना इतक्या वेळा करून दाखवायचं की तुम्ही नसताना पण व्हावं. भाकरीला दोन हात लागतात, ती कदाचित नाही जमणार लवकर, हे पण खरं सांगावं लागतं आणि त्यावर रडू आलं तर थांबावं लागतं.

जमलं तर सुपरवायझरच्या परवानगीने आणि त्यांच्याबरोबर एक तरी होम व्हिजिट करा. नाही जमलं तर घरच्यांना सांगून फक्त दरवाजा, बाथरूम आणि ओटा यांचे फोटो मागवा आणि टेपने उंची-रुंदी मोजून आणायला सांगा. व्हीलचेअर दारातून जाते का नाही हे घरी गेल्यावर कळणं किती वाईट, विचार करा.

केस प्रेझेंटेशनला हेच मांडा. ॲनाटॉमीच्या दहा स्लाइड नकोत, त्या सगळ्यांना येतात.

प्लेसमेंट संपताना

शेवटच्या आठवड्यात पेशंट नीट सोपवून जा, पुढच्या मुलाला किंवा मॅडमना बसून सांगा, आणि पेशंटला पण चार दिवस आधी सांगा की मी जाणार आहे. मानसोपचारात आणि लहान मुलांमध्ये हे फार महत्त्वाचं, अचानक गायब होऊ नका. अनुभवपत्र, तासांचं पत्रक, मूल्यमापनाची प्रत तेव्हाच घ्या आणि स्कॅन करून ठेवा. आणि इथे पुढे काम करायची इच्छा असेल तर तसं स्पष्ट बोला, "मॅडम, इंटर्नशिप अमुक महिन्यात संपतेय, जागा असेल तर मला आवडेल." आपली मुलं हे बोलतच नाहीत, लाजतात, आणि मॅडमना वाटतं ही मुंबईला परत जाणार असेल.

क्लिनिक चालवणाऱ्यांना पण एक विनंती, स्टुडंटला फाइली लावायला आणि मुलांना धरून बसवायला घेऊ नका. सहा आठवडे नीट शिकवलंत तर जी थेरपिस्ट तयार होते तिला तुम्ही आधीच ओळखत असता, अर्ध्या तासाच्या इंटरव्ह्यूत ते कधीच कळत नाही.

रजिस्ट्रेशन, मग नोकरी

महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने ओटी-पीटी (पीटी म्हणजे फिजिओथेरपी) कौन्सिल आहे, इंटर्नशिप पूर्ण झाली की पहिलं काम तिथलं रजिस्ट्रेशन. असोसिएशनचं सदस्यत्व वेगळं आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेगळं, एक असलं म्हणजे दुसरं झालं असं नाही. मणिपाल, वेल्लोर वगैरे बाहेरून शिकून आलेल्यांनी पण इथे काम करण्यासाठी इथल्या कौन्सिलकडे विचारायचं. २०२१ च्या कायद्याने आता आपल्यासारख्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग पण आलाय, त्यामुळे अर्जाची चालू पद्धत काय आहे ते ऑफिसातूनच खात्री करून घ्या, सीनियरने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

सरकारी जागा "व्यवसायोपचार तज्ज्ञ" या नावाने निघतात, आरोग्य विभागाच्या आणि महापालिकांच्या जाहिरातीत हे नाव शोधा, नाहीतर नजरेतून सुटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांमध्ये पण थेरपिस्ट लागतात, कंत्राटी असतात पण जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं बघायला मिळतात.

खाजगी इंटरव्ह्यूत बहुतेक केस देतात. "सहा वर्षांचा मुलगा, वर्गात एका जागी बसत नाही, काय कराल?" लगेच झोका, वेटेड जॅकेट (वजन भरलेलं जॅकेट), ब्रशिंग (अंगावर ब्रश फिरवणं) असं सुरू करू नका. आधी विचारा की कधी बसत नाही, सगळ्या तासांना का फक्त लिहायच्या, बाकाची उंची काय, झोप किती, घरी जेवायला बसतो का, डोळे-कान तपासलेत का. प्रश्न विचारणारी मुलगीच घ्यावीशी वाटते.

आणि मग तुम्ही विचारा. सेशन किती मिनिटांचा, दिवसाला किती, नोट्स आणि पालकांशी बोलायला वेळ पगारात धरलाय का, मूल आलं नाही तर पैसे कापतात का, वर सीनियर ओटी कोण आहे. सीनियर कुणीच नसेल तर पहिली नोकरी म्हणून तिथे जाऊ नका, पगार जास्त असला तरी. तुमच्याकडून स्पीच थेरपी किंवा सायकॉलॉजीच्या टेस्ट पण करून घेणार असतील तर सरळ नाही म्हणा, त्या मुलाला त्या त्या विषयाचा माणूस मिळायला हवा. पगार का कन्सल्टंट फी हे स्पष्ट करून घ्या, कन्सल्टंट म्हणून घेतलं तर १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो आणि पीएफ नसतो, रिटर्न भरून जास्तीचा टीडीएस परत मिळतो पण भरावं तर लागतं.

ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. "सगळेच ठेवतात" असं सांगितलं तरी नाही. बाँड असेल तर किती महिन्यांचा, सोडल्यास किती रक्कम, नोटिस किती, हे ऑफर लेटरमध्ये लिहून आल्याशिवाय सही करू नका, घरी नेऊन एक रात्र वाचा आणि कळलं नाही ते दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.